बिनपाण्याची हजामत

मराठीत कोणी एखाद्याची यथेच्छ खरडपट्टी काढली, म्हणजे त्याची ‘बिनपाण्याने हजामत’ केली असे आपण म्हणतो. हा वाक्प्रचार ज्या कोणाच्या तोंडून प्रथम निघाला असेल, त्याला विज्ञानाचा गंध असो वा नसो, दाढीच्या शास्त्रातले मर्म मात्र पुरते उमगले होते. पाते कितीही उंची असो, पाण्यावाचून केलेली दाढी ही शिक्षाच. ही गोष्ट लहानपणापासून कानांवर असूनही मला ती वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, आणि तीही दुसऱ्याच्या गालावर, शिकावी लागली.

तो गाल माझ्या वडिलांचा. आमचे घर वास्कोला, मांगोर हिलच्या उतारावर. मुरगाव बंदर १९६४ साली देशातील मोठ्या बंदरांपैकी एक म्हणून जाहीर झाले. त्यानंतर थोड्याच वर्षांत बाबा तेथे कारकून म्हणून लागले आणि तेथूनच निवृत्त झाले. नोकरीच्या सगळ्या काळात दाढी न करता ते घराबाहेर पडल्याचे मला आठवत नाही. पुढे हात कापू लागले, तेव्हा एक दिवसाआड न्हावी घरी येऊ लागला. आमच्याकडे त्याला म्हालो म्हणतात. त्याच्या वडिलांच्या काखेत धोकटी असे, याच्या हातात प्लास्टिकची पिशवी आली, एवढाच काय तो पिढीचा फरक.

२०२० सालच्या मार्चअखेर टाळेबंदी आली आणि ही वारी थांबली. जूनमध्ये तर मांगोर हिलचा भागच प्रतिबंधित क्षेत्र म्हणून बंद करण्यात आला. बाबा तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचे. वाढलेल्या दाढीनिशी ते बाहेरच्या सोप्यावर बसेनात, मुंबईच्या नातवाशी फोनवर समोरासमोर बोलेनात. आपल्या घरांतून पुरुषाची वाढलेली दाढी हे सुतकाचे लक्षण. “घरात कोणी गेलेले नाही आणि हे सुतक कसले?” असे एकदा ते स्वतःशीच पुटपुटले, ते मी ऐकले. दुसऱ्या दिवशी रेझर घेऊन त्यांच्यापुढे बसलो.

स्वतःची दाढी मी चाळीस वर्षे करीत आलो होतो, तेव्हा यात शिकण्यासारखे काय, असे मला वाटले. तोंडावर पाण्याचा हबका मारला, शेव्हिंग क्रीम फासले आणि सुरुवात केली. तीन आठवड्यांच्या केसांनी रेझर दुसऱ्याच ओढीला गच्च भरला. बाबांची कवळी काढून ठेवलेली, त्यामुळे गाल आत गेलेले आणि कातडी सैल. जोर दिला, आणि हनुवटीखाली कापले. आता, तरुण माणसाला एवढे कापले तर तुरटी फिरवून तो विसरून जातो. परंतु बाबा हृदयविकारासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी घेत होते. रक्त थांबेना. स्वच्छ फडके जखमेवर दाबून, ते मध्येच उचलून न पाहता, मी घड्याळ लावून दहा मिनिटे बसलो. आणखी दहा मिनिटे बसलो. तेव्हा कोठे ते थांबले. बाबा काही बोलले नाहीत. मला मात्र बाजूच्या आरशात माझेच तोंड पाहवेना.

संध्याकाळी मी म्हाल्याला फोन केला. त्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “भाई, पाणी किती वेळ लावलेत?” मी म्हटले, लावले की. “लावणे निराळे आणि जिरवणे निराळे,” तो म्हणाला, “माझा बाप साबण लावीतच नसे. वाटीत पाणी घ्यायचा आणि बोटांनी गाल चोळीत बसायचा. गिऱ्हाइकाला डुलकी लागली की मग वस्तरा काढायचा.”

जुन्या न्हाव्यांच्या या चोळण्याला आपण आजवर गप्पा मारण्याचे निमित्त समजत आलो. त्यात शास्त्र आहे. केस हा केराटिन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचा पीळ. कोरडा असताना तो चिवट असतो. पाणी मिळाले की तो आपल्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के पाणी पितो, फुगतो, नरम पडतो, आणि मग तो कापायला पुष्कळच कमी जोर लागतो. पण हे पिणे क्षणात होत नाही. दोन-तीन मिनिटे लागतात. पाणी सोसवेल इतके ऊन असेल तर काम लवकर होते. शिवाय त्वचेतून पाझरणारा तेलकटपणा केसांवर बसलेला असतो, तो पाण्याला आत शिरू देत नाही. म्हणून आधी साध्या साबणाने तोंड धुवावे. आमच्या वास्कोत तर याला दुसरेही कारण आहे. बंदरावर कोळसा उतरतो, आणि वारा या बाजूचा असला की त्याची भुकटी खिडकीच्या गजांवर बसते तशी गालांवरही बसते. कोळशाच्या कणांवरून पाते फिरवणे म्हणजे ते सहाणेवर उलटे घासणे.

पात्याची धार जाते कशी, हाही एक मनोरंजक प्रश्न आहे. पोलाद केसाहून सुमारे पन्नासपट कठीण. मग मऊ केसाने कठीण पोलाद बोथट व्हावे कसे? अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेतील संशोधकांनी त्याच टाळेबंदीच्या वर्षी, ऑगस्ट २०२०मध्ये, सूक्ष्मदर्शकाखाली दाढी करून याचे उत्तर दिले. पाते हळूहळू झिजते असा समज होता. त्यांना दिसले की केस वाकून तिरका आला, आणि पोलादाच्या घडणीतील एखाद्या कच्च्या जागी पात्याच्या कडेला भिडला, तर तेथला बारीकसा टवका उडतो. अशा टवक्यांनी धारेची करवत होते आणि ती करवतच मग आपला गाल ओरबाडते.

साबणाचे काम पाणी धरून ठेवण्याचे आणि पात्याला घसरण देण्याचे. फेस दाट हवा, केवळ फुगलेला नव्हे. येथे आमच्या किनाऱ्याची एक अडचण सांगितली पाहिजे. आता मुरगावला साळावलीच्या धरणाचे पाणी येते; परंतु समुद्राकाठच्या विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते, आणि त्यात नेहमीचा साबण फेस धरीत नाही, त्याचा साका बनतो. बाबांना बोटीवरच्या खलाशांकडून कळलेली एक युक्ती होती. जहाजावर गोडे पाणी जपून वापरायचे, म्हणून खलाशी खोबरेल तेलाचा साबण वापरीत. तो खाऱ्या पाण्यातही फेसतो. खोबरेलातील आम्लांचे रेणू आखूड असतात, त्यामुळे त्यांचा साबण मिठाने चटकन फुटून वेगळा पडत नाही, हे त्याचे कारण. ज्या किनाऱ्यावर माडच माड, तेथल्या माणसाला हा साबण शोधायला दूर जावे लागू नये.

फेस ब्रशाने लावावा हे बरे. केस उभे राहतात आणि मुळाशी पाणी पोचते. मात्र ब्रश स्वतःचा असावा आणि वापरल्यावर झटकून, केस खाली करून वाळत ठेवावा. पहिल्या महायुद्धाच्या काळात घोड्याच्या केसांच्या स्वस्त, नीट निर्जंतुक न केलेल्या ब्रशांतून अँथ्रॅक्स हा गुरांचा रोग इंग्लंड-अमेरिकेतील अनेक शिपायांना जडला होता. ब्लेडच्या बाबतीत तर सांगायलाच नको. काविळीचे काही प्रकार आणि एड्सचे विषाणू रक्तातून जातात. बापाचे ब्लेड मुलाने वापरणे ही काटकसर नव्हे.

दुसऱ्या खेपेस मी म्हाल्याच्या सांगण्याप्रमाणे वागलो. बाबांना खिडकीशी उजेडात, पाठीला उशी देऊन, ताठ बसवले. कवळी तोंडात घालायला लावली. तेवढ्यानेच अर्धे गाल भरून आले. वाढलेले केस आधी कात्रीने आखूड केले. उन्हात तापवल्यासारख्या ऊन पाण्यात पंचा पिळून तो तीन मिनिटे गालांवर ठेवला, आणि मग फेस लावण्यापूर्वी बोटांनी दाढी चाचपली. हे चाचपणे फार महत्त्वाचे आहे. केस सगळीकडे वरून खाली वाढत नाहीत. गालावर खाली, हनुवटीपाशी आडवे, गळ्यावर पुष्कळांचे चक्क खालून वर, आणि एखाद्याच्या मानेवर तर भोवराच असतो. बोट ज्या बाजूला सुरळीत जाते ती केसांची सुलट, जेथे खरखरते ती उलट. आपल्याच चेहऱ्याचा हा नकाशा चाळीस वर्षांत मी कधी पाहिला नव्हता.

पहिला हात नेहमी सुलट. मोकळ्या हाताने कातडी हलकेच ताणायची, रेझर त्वचेशी साधारण तीस अंशांत धरायचा, आणि जोर अजिबात द्यायचा नाही. रेझरचे वजन पुरते. ओढी आखूड, प्रत्येक दोन-तीन ओढींनंतर पाते धुवायचे. ज्याला अगदी गुळगुळीत गाल हवे असतील त्याने पुन्हा फेस लावून दुसरा हात आडवा घ्यावा. तिसरा, उलटा हात तरुण आणि निबर कातडीलाच मानवतो. ज्यांचे केस कुरळे त्यांनी तर त्याच्या वाटेलाच जाऊ नये. फार खोल कापलेला केस कातडीच्या आतच वळतो आणि गळ्यावर पुळ्या उठतात. १९७१ साली जिलेट कंपनीने दोन पात्यांचा रेझर आणला, त्यातले तत्त्व हेच की पहिले पाते केस किंचित ओढून घेते आणि तो मागे जाण्याच्या आत दुसरे त्याला आणखी खाली कापते. गाल गुळगुळीत होतो खरा. पण ज्यांना पुळ्यांचा त्रास, त्यांना जुने एकपाती यंत्रच बरे.

हे जुने यंत्र किंग कॅम्प जिलेट यांचे. धार लावायची नाही, बोथट झाले की टाकायचे, असे पातळ पाते करायची कल्पना त्यांची. ते घडवण्याची रीत विल्यम निकर्सन या अभियंत्याने बसवली. १९०३ साली, पहिल्या वर्षी, खपली अवघी ५१ यंत्रे आणि १६८ पाती. पुढे महायुद्ध आले. विषारी वायूपासून बचाव करणारा मुखवटा दाढीवर घट्ट बसत नाही, तेव्हा अमेरिकन सैन्याने शिपायांना असली यंत्रे वाटली आणि पुरुष घरीच दाढी करू लागला. शंभर वर्षांनी दुसऱ्या एका मुखवट्याच्या दिवसांत मी हे शिकत होतो, याची तेव्हा गंमत वाटली.

घरातील तरुणांसाठी जाता जाता सांगतो. वारंवार केल्याने दाढी राठ आणि दाट होते हा समज १९२८ सालीच मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ विदुषींनी केस मोजून खोटा ठरवला आहे. कापलेल्या केसाचे टोक बोथट असते, म्हणून तो हाताला टोचतो, इतकेच.

दाढी झाल्यावर गार पाणी आणि टिपून घेणे. पुसून घासणे नव्हे. तुरटी बारीकसारीक खरचटण्यावर गुणकारी आहे, ती कातडी आकसून रक्त थांबवते. पण सुकलेल्या म्हाताऱ्या कातडीला ती आणि स्पिरिटाची सुगंधी पाणीही कोरडी करतात. बाबांना मी ओल्या गालांवर खोबरेलाचे दोन थेंब लावीत असे. तेच तेल ब्लेड पुसून त्यालाही लावावे. आमच्या खाऱ्या हवेत पोलादाला गंज चढायला निमित्त लागत नाही.

या खेपेस एक थेंब रक्त आले नाही. बाबांनी हात फिरवून पाहिला आणि उजव्या कानाखाली राहिलेले चार केस दाखवले.

डॉक्टरांचे मत मात्र निराळे पडले. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्याने पात्याच्या वाटेला न जाता विजेचे यंत्र वापरावे, असे त्यांनी फोनवर बजावले, आणि तो सल्ला रास्तच आहे. जेकब शिक याने १९३१ साली विकायला काढलेले हे यंत्र कोरड्या गालावरच चालते. रस्ते खुले झाल्यावर डिचोलीहून माझ्या भाच्याने एक आणून दिले. बाबांनी त्याची घरघर ऐकली, निमूटपणे गाल पुढे केला आणि शेवटी म्हणाले, “जन्मभर कोणाचे वाईट केले नाही, तरी अखेर बिनपाण्याने झालीच!”

पुढे गळ्याला आणि हनुवटीखाली यंत्र, गालांना नवे पाते, अशी तडजोड डॉक्टरांनी मान्य केली. म्हालो पुन्हा आला तो तोंडाला मुखवटा बांधून. त्याने बाबांच्या जबड्यावरून सावकाश बोटे फिरवली. हनुवटीखाली, जेथे मी कापले होते तेथे, ती क्षणभर थांबली. तो काही बोलला नाही. माझ्याकडे वळून त्याने ऊन पाणी मागितले.