पेनड्राइव्ह रिकामा, तरी फाइल मावेना!

गटाच्या प्रशिक्षणाचा मोठा व्हिडिओ पेनड्राइव्हवर घ्यायला जावं, तर संगणक म्हणतो, 'फाइल फार मोठी आहे.' पेनड्राइव्ह ३२ जीबीचा, अख्खा रिकामा! मग अडतं कुठं?

अडतं नोंदीच्या पद्धतीत. 'फॅट ३२' ही १९९६ सालची पद्धत. आपल्या वहीत रकमेला चारच घरं असली, तर ९,९९९च्या पुढची रक्कम लिहायची कशी? तसंच इथं. एकेक फाइल ४ जीबीच्या आतच हवी.

उपाय? पेनड्राइव्ह 'एक्सफॅट' पद्धतीनं फॉरमॅट करा. पण सांभाळून! फॉरमॅट केलं की आतलं सगळं पुसलं जातं. गटाचे हिशेब, फोटो आधी दुसरीकडे उतरवून घ्या. जुन्या टीव्हीवर एक्सफॅट चाललं नाही, तर व्हिडिओचेच दोन तुकडे करा.