‘झेनिथ’ची कुळकथा

एखाद्या गवयाची वा मुत्सद्द्याची कीर्ती ‘झेनिथ’ला पोहोचली, असे इंग्रजी वृत्तपत्रे नित्य लिहितात आणि आपल्याकडील वक्तेही तो शब्द सढळपणे वापरतात, परंतु ज्योतिर्विदांच्या दफ्तरी त्याचा अर्थ इतका सैल नाही. निरीक्षक जेथे उभा असेल तेथून ओळंब्याची रेषा वर वाढवीत नेली असता ती आकाशगोलाला ज्या बिंदूत भेदील, तो झेनिथ, आपले खस्वस्तिक. हा बिंदू ज्याचा त्याचा स्वतंत्र असतो. पुणेकराचे खस्वस्तिक मुंबईकराच्या कामाचे नाही.

शब्द मूळचा अरबी. ‘सम्त अर्-रास’ म्हणजे मस्तकावरची वाट. बाराव्या शतकात स्पेनमध्ये अरबी ज्योतिषग्रंथ लॅटिनमध्ये उतरू लागले, तेव्हा त्यातील ‘रास’ गळाले. आणि उरलेल्या ‘सेम्त’मधील ‘म’च्या तीन उभ्या रेघा कोणा नकलनवीसाने ‘नि’ अशा वाचल्यामुळे ‘सेनित’ जन्मास आला, असे कोशकार सांगतात. मोडी कागदांशी झटापट केलेल्यास याचे नवल वाटू नये. चॉसरने १३९१च्या सुमारास आपल्या दहा वर्षांच्या मुलासाठी ॲस्ट्रोलेब या यंत्रावर पुस्तक लिहिले, त्यात हा शब्द इंग्रजीत आढळतो. याचा जोडीदार ‘नेडिर’, म्हणजे पायांखालचा बिंदू, ‘नझीर अस्-सम्त’ यातून आला. आपली ‘नजर’ आणि कचेरीतला ‘नाझर’ ही त्याच धातूची भावंडे होत.

गंमत अशी की, ज्या इंग्रजांनी माध्यान्हीच्या सूर्यास हे पद बहाल केले, त्यांच्या देशात तो तेथे कधीच पोहोचत नाही. ग्रीनिचला ऐन जूनमध्येही त्याची मजल बासष्ट अंशांपलीकडे जात नाही. पुण्या-मुंबईस मात्र तो मेच्या मध्यास आणि जुलैअखेरीस खरोखर माथ्यावर येतो व उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशी लुप्त होते. दुसरा योग बहुधा ढगांत वाया जातो, हे निराळे.

खगोलशास्त्र्यांस या बिंदूचे अगत्य वाटते त्याचे कारण वातावरण. क्षितिजालगतच्या ताऱ्याचा प्रकाश हवेतून येताना अर्ध्या अंशाहून अधिक वाकतो. माथ्यावरून येणारा किरण मात्र सरळ उतरतो. म्हणून रॉबर्ट हूकने १६६९मध्ये लंडनच्या ग्रेशॅम कॉलेजातील आपल्या बिऱ्हाडाच्या छपराला भोक पाडून दुर्बीण उभी रोवली आणि तेथून जवळजवळ डोक्यावरूनच जाणारा कालेय तारकासमूहातील एक तारा न्याहाळला. पृथ्वीच्या परिभ्रमणामुळे ताऱ्याचे स्थान किंचित हलताना दिसावे, ही त्याची अपेक्षा. पुढे जेम्स ब्रॅडलीने हेच व्रत अधिक चिकाटीने चालविले आणि १७२७मध्ये वॉनस्टेड येथे मामीच्या घराचे छत व तक्तपोशी कापून साडेबारा फूट लांबीचे यंत्र टांगले. (त्या माउलीची सहनशीलता इतिहासाने पुरेशी नोंदलेली नाही.) तारा हलला खरा, पण अपेक्षेहून निराळ्या काळी व निराळ्या दिशेने, मध्यापासून सुमारे वीस विकला इकडे आणि तितक्याच तिकडे. ही चलबिचल ताऱ्याच्या अंतरामुळे नसून पृथ्वीची गती आणि प्रकाशाची गती यांच्या संयोगामुळे होते, हे ब्रॅडलीने १७२८मध्ये ओळखले. आणि सूर्यापासून पृथ्वीपर्यंत येण्यास प्रकाशाला आठ मिनिटे बारा सेकंद लागतात, हा हिशेबही त्याने त्यातूनच मांडला.