भयकथामाला चित्रपट

दोन वा अधिक स्वतंत्र भयकथा एकाच चित्रपटात गुंफून दाखविणारा चित्रपटप्रकार. या कथांना जोडणारी एक चौकटकथा बहुधा असते. काही चित्रपटांत मात्र विषय, स्थळ किंवा कालक्रम एवढाच दुवा पुरेसा मानलेला आढळतो. कथांचे दिग्दर्शन एकाच व्यक्तीने केलेले असते किंवा प्रत्येक कथेसाठी वेगळा दिग्दर्शक असतो. हा प्रकार ब्रिटनमध्ये विशेष रुजला. त्याच्या लोकप्रियतेबरोबरच प्रेक्षकांच्या संमिश्र प्रतिक्रियाही त्याच्याशी कायमच्या निगडित राहिल्या आहेत. एकच चित्रपट पाहून उठलेल्या दोन प्रेक्षकांपैकी एकाला तो थरारक व दुसऱ्याला निष्प्रभ वाटावा, हा अनुभव अन्य चित्रपटप्रकारांपेक्षा येथे अधिक येतो. त्याची कारणे काही अंशी रचनेत व काही अंशी प्रेक्षकाच्या श्रद्धा-समजुतींत आहेत.

पूर्वपीठिका : चौकटीत बसविलेली भयकथा भारतीय वाचकाला नवी नाही. सोमदेवाच्या कथासरित्सागर (अकरावे शतक) या ग्रंथात समाविष्ट असलेल्या वेतालपंचविंशतीत झाडाला लटकणाऱ्या प्रेतातील वेताळ राजाला वाटेत एकेक कथा सांगतो व शेवटी कूटप्रश्न विचारतो. राजाने उत्तर दिले, की वेताळ पुन्हा झाडाकडे परततो. अखेरच्या प्रश्नावर राजा निरुत्तर होतो आणि तेव्हाच, ज्या भिक्षूसाठी हे प्रेत वाहून न्यायचे असते त्याचे कपट वेताळ उघड करतो. म्हणजे चौकटीला स्वतःचा शेवट आहे आणि तो आतील कथांहून अधिक धोक्याचा आहे. हीच युक्ती पुढे चित्रपटांनी वापरलेली दिसते. मराठीत ही कथामाला वेताळपंचविशी या नावाने एकोणिसाव्या शतकात सदाशिव काशीनाथ छत्रे यांच्या भाषांतराने रूढ झाली. दूरदर्शनवरील विक्रम और वेताल (१९८५) या हिंदी मालिकेने ती घरोघरी पोहोचविली.

ब्रिटिश परंपरा : दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ईलिंग स्टुडिओने निर्माण केलेला डेड ऑफ नाइट (१९४५) हा या प्रकारातील आदर्श मानला जातो. आल्बेर्तो काव्हाल्कांती, चार्ल्स क्राइटन, बॅझिल डिअर्डेन व रॉबर्ट हेमर हे त्याचे चार दिग्दर्शक. एक वास्तुशिल्पज्ञ खेड्यातील एका घरी येतो आणि तेथील सर्व माणसे आपण स्वप्नात पूर्वीच पाहिली आहेत, असे सांगतो. मग प्रत्येक जण आपला एकेक विलक्षण अनुभव कथन करतो. झपाटलेला आरसा आणि शब्दभ्रमकाराचा बाहुला यांच्या कथा विशेष गाजल्या. गोल्फ खेळणाऱ्या दोन मित्रांची विनोदी भूतकथा मात्र अनेकांना विजोड वाटली. चित्रपट जेथे सुरू होतो तेथेच येऊन पोहोचतो आणि स्वप्नचक्र पुन्हा फिरू लागते. या चक्राकार रचनेवरून टॉमस गोल्ड यांना आदि-अंत नसलेल्या विश्वाची कल्पना सुचली, असे फ्रेड हॉयल यांनी नमूद केले आहे. गोल्ड, हॉयल आणि हर्मन बाँडी यांनी १९४८ मध्ये मांडलेला स्थिर-स्थिती सिद्धांत पुढे मागे पडला. तथापि भयपटाला मिळालेला याहून अनपेक्षित प्रतिसाद क्वचितच सापडेल.

अमेरिकेत हा चित्रपट प्रथम प्रदर्शित करताना गोल्फची व नाताळच्या मेजवानीची अशा दोन कथा गाळण्यात आल्या. अंतिम दुःस्वप्नात सर्व कथांचे धागे एकत्र येत असल्यामुळे तेथील प्रेक्षकांना शेवट दुर्बोध वाटला. विजोड भासणारी कथाही रचनेचा आधार असू शकते, हे यावरून दिसते.

मिल्टन सुबॉत्स्की व मॅक्स रोझेनबर्ग या अमेरिकन निर्मात्यांच्या ॲमिकस या ब्रिटनमधील संस्थेने डॉक्टर टेरर्स हाउस ऑफ हॉरर्स (१९६५) पासून या प्रकाराची मालिकाच काढली. या पहिल्या चित्रपटात आगगाडीच्या डब्यातील पाच प्रवाशांचे भविष्य एक गूढ गृहस्थ पत्त्यांवरून सांगतो आणि अखेरीस प्रवासी आधीच मरण पावले असल्याचे कळते. टॉर्चर गार्डन (१९६७), द हाउस दॅट ड्रिप्ड ब्लड (१९७१), असायलम (१९७२), टेल्स फ्रॉम द क्रिप्ट (१९७२) व फ्रॉम बियाँड द ग्रेव्ह (१९७४) हे त्यानंतरचे प्रमुख चित्रपट होत. पीटर कुशिंग, क्रिस्टोफर ली यांसारख्या नटांना थोड्या दिवसांच्या कामासाठी घेता येणे, हा या रचनेचा व्यावहारिक लाभ होता.

अलीकडचे ठळक उदाहरण म्हणजे जेरेमी डायसन व अँडी नायमन यांचा घोस्ट स्टोरीज हा चित्रपट. २०१० मध्ये लिव्हरपूल येथे रंगभूमीवर आलेल्या त्यांच्याच नाटकावर तो आधारित असून ब्रिटनमध्ये तो २०१८ मध्ये प्रदर्शित झाला. भोंदू मांत्रिकांचे पितळ उघडे पाडणाऱ्या एका प्राध्यापकापुढे उलगडा न झालेली तीन प्रकरणे येतात : ओसाड इमारतीतील रात्रीचा पहारेकरी, रानात मोटारीसह अडकलेला तरुण आणि अपत्याची वाट पाहणारा धनिक. अखेरीस हे सारे रुग्णशय्येवर निश्चल पडलेल्या प्राध्यापकाच्या मनातील खेळ असून बालपणी एका मुलाला मृत्यूच्या तोंडातून आपण वाचविले नाही, हा अपराधभाव त्याच्या मुळाशी असल्याचे उघड होते. काहींना या शेवटामुळे तिन्ही कथांना मानवी अर्थ लाभला असे वाटले. इतरांना, इतका वेळ साठविलेली भीती एका स्पष्टीकरणाने वाया घालविली असे वाटले.

मतभेदांची रचनागत कारणे : (१) भीतीला पूर्वतयारी लागते. पूर्ण लांबीच्या चित्रपटात ती एकदाच करावी लागते; कथामालेत प्रत्येक कथेला ती नव्याने करावी लागते. वीस-पंचवीस मिनिटांत पात्राविषयी आस्था निर्माण झाली नाही, तर त्याच्यावरील संकट प्रेक्षकाला भिडत नाही. (२) तुलनेसाठी दुसरा चित्रपट शोधावा लागत नाही. तो आतच असतो. एक कथा उत्तम साधली, की शेजारची मध्यम कथाही सामान्य ठरते. सर्वांत प्रभावी कथा शेवटी ठेवण्याचा प्रघात यामुळेच पडला. (३) स्वर बदलतो. विनोदी कथेने काहींना विसावा मिळतो, तर काहींची एकाग्रता मोडते. (४) चौकटकथेच्या शेवटी दिलेला उलगडा मागील सर्व कथांना लागू होतो. त्यामुळे तो पटला नाही, तर एक कथा नव्हे, संपूर्ण चित्रपटच नापसंत होतो.

प्रेक्षकगत कारण : संस्कृत साहित्यशास्त्राने या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग फार पूर्वी हाताळला आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात भय हा भयानक रसाचा स्थायी भाव मानला आहे. प्रत्यक्ष भय दुःखद असताना भयानक रस आस्वाद्य कसा होतो, याचे उत्तर भट्टनायक व अभिनवगुप्त यांनी साधारणीकरणाच्या कल्पनेने दिले. अभिनवगुप्ताने यासाठी शाकुंतलातील बाणाच्या भीतीने धावणाऱ्या हरिणाचे उदाहरण घेतले आहे. ती भीती ना हरिणाची राहते ना प्रेक्षकाची. व्यक्ती, स्थळ व काळ यांच्या बंधनांतून ती सुटते आणि म्हणूनच तिचा आस्वाद घेता येतो. हे अंतर कमी-जास्त झाले, की रसभंग होतो. भुताची कल्पनाच ज्याला हास्यास्पद वाटते, त्याच्या बाबतीत अंतर फार वाढते. भूत घराच्या मागील चिंचेवर आहे असे जो मानतो, त्याच्या बाबतीत ते उरतच नाही. एकाच प्रेक्षागृहात हे दोघे शेजारी बसलेले असू शकतात.

भारतीय चित्रपट : सत्यजित राय यांच्या तीन कन्या (१९६१) या बंगाली चित्रपटातील मणिहारा ही रवींद्रनाथ टागोरांच्या कथेवरील भूतकथा परदेशातील प्रदर्शनात सुरुवातीस वगळलेली होती, त्यामुळे तेथील प्रेक्षकांनी पाहिला तो दोन कथांचा निराळाच चित्रपट. हिंदीत राम गोपाल वर्मा यांची निर्मिती असलेल्या डरना मना है (२००३) व डरना जरूरी है (२००६) या चित्रपटांनी हा प्रकार व्यापक प्रमाणावर आणला. १ जानेवारी २०२० रोजी नेटफ्लिक्सवर आलेल्या घोस्ट स्टोरीजमध्ये झोया अख्तर, अनुराग कश्यप, दिवाकर बॅनर्जी व करण जोहर यांच्या प्रत्येकी एक कथा होत्या. ब्रिटिश चित्रपटाशी त्याचे केवळ नामसाम्य आहे. तथापि कथांच्या असमान दर्जाची तक्रार दोहोंकडे झाली. बॅनर्जी यांच्या कथेची विशेष वाखाणणी झाली आणि त्या मानाने इतर कथा फिक्या ठरल्या.

मराठी संदर्भ : मराठीत भयकथा प्रामुख्याने वाचनातून रुजली. नारायण धारप (१९२५–२००८) यांनी पाश्चात्त्य भयसाहित्यातील कल्पना मराठी वाड्यांत व माजघरांत आणल्या. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी गूढकथेत मनोव्यापारांना महत्त्व दिले. त्यांची गहिरे पाणी ही दूरचित्रवाणी-मालिका कथामालेच्याच घाटाची होती. चित्रपटांत मात्र झपाटलेला (१९९३), पछाडलेला (२००४) यांसारख्या विनोदमिश्रित भयपटांना मोठा प्रतिसाद लाभला. निखळ भीती दाखविणारा लपाछपी (२०१७) यासारखा चित्रपट विरळा.

या संदर्भात तुंबाड (१२ ऑक्टोबर २०१८) या हिंदी चित्रपटाचा इतिहास उद्बोधक आहे. राही अनिल बर्वे यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाला धारपांच्या एका कथेची प्रेरणा आहे, नाव श्री. ना. पेंडसे यांच्या तुंबाडचे खोत या कादंबरीवरून घेतले आहे. तो काटेकोर अर्थाने कथामाला नव्हे. तथापि १९१८, १९३३ व १९४७ या काळांतील त्याचे तीन खंड एकाच कुटुंबाच्या लोभाची कथा सांगतात आणि प्रत्येक खंडाची भीती वेगळी आहे : पहिल्यात साखळदंडाने बांधलेली म्हातारी, दुसऱ्यात गर्भगृहातील हस्तर, तिसऱ्यात पित्याने पुत्राला दिलेला वारसा. व्हेनिस येथील समीक्षक सप्ताहाचा प्रारंभ त्याने झाला आणि छायालेखन, कलादिग्दर्शन व ध्वनिरचना यांसाठी त्याला फिल्मफेअर पुरस्कार मिळाले. भय कमी व नीतिकथा अधिक, अशी तक्रारही झाली आणि चित्रपटगृहांतील प्रारंभीचा प्रतिसाद मर्यादित राहिला. १३ सप्टेंबर २०२४ रोजी तो पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा अधिक उत्पन्न त्याने मिळविले. चित्रपट तोच होता. काय पाहावयाचे आहे हे प्रेक्षकाला या वेळी ठाऊक होते.

झाडीपट्टीतील प्रेक्षक : भंडारा जिल्ह्यातील तुमसर हे तांदळाच्या बाजारपेठेसाठी व चिखला, डोंगरी बुजुर्ग या तालुक्यातील मँगॅनीज खाणींसाठी प्रसिद्ध असलेले गाव. मध्य प्रदेशाच्या सीमेलगत असल्याने मराठी व झाडीबोलीबरोबर हिंदी आणि पोवारीही येथे कानांवर पडते. हिंदी चित्रपट समजण्यास भाषेचा अडसर नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत धानाच्या हंगामानंतर मंडई व शंकरपट भरतात आणि रात्रभर नाटके, दंडार व खडीगंमत चालते. दंडारीत गाणे, सोंग, थट्टा व गंभीर प्रसंग एकामागून एक येतात. अशा प्रेक्षकाला तुकड्यातुकड्यांचा खेळ अपरिचित नाही. विजोड तुकडा सोसून पुढच्याची वाट पाहण्याची सवय त्याला आहे. रचनागत आक्षेप येथे सौम्य होतात.

दुसरा आक्षेप मात्र येथे तीव्र होतो. पूर्व विदर्भात जादूटोण्याच्या संशयावरून माणसांना मारहाण, प्रसंगी हत्या झाल्याच्या घटना वेळोवेळी नोंदल्या गेल्या आहेत. चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यात ऑगस्ट २०२१ मध्ये अशाच संशयावरून वृद्ध स्त्री-पुरुषांना भर गावात बांधून मारण्यात आले. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाल्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरविण्याच्या बहाण्याने बांधून मारहाण करणे, तसेच एखादी व्यक्ती करणी वा जादूटोणा करते असे भासवून तिचे जगणे असह्य करणे, हे त्यानुसार गुन्हे आहेत. कायद्याचा रोख भूतकथा सांगण्यावर नाही, माणसांवरील अत्याचारावर आहे. परंतु ज्या परिसरात अशी भीती जिवंत आहे, तेथे पडद्यावरील चेटकीण केवळ पडद्यावर राहील, असे गृहीत धरता येत नाही.

मूल्यमापन : या दृष्टीने भयपटाच्या शेवटचा उलगडा हा केवळ कथानकाचा डावपेच उरत नाही. घोस्ट स्टोरीजमध्ये भुतांचा उगम प्राध्यापकाच्या अपराधभावात सापडतो. तुंबाडमध्ये हस्तरपेक्षा माणसाची हाव भयंकर ठरते. दोन्ही चित्रपट भीतीचा उगम माणसाच्या आत दाखवितात आणि शेजारच्या म्हातारीकडे बोट दाखवीत नाहीत. असा शेवट शहरी रसिकाला रसभंग वाटू शकतो. ज्या गावात संशयाने कोणाचा तरी बळी गेला आहे, तेथील प्रेक्षकाला तोच चित्रपटाचा गाभा वाटेल. उलट, भूत खरेच होते असे सांगून संपणारी कथा पहिल्याला निर्भेळ आनंद देईल व दुसऱ्याला घरी जाताना अस्वस्थ करील. भयकथामाला चित्रपटाविषयीची मते म्हणूनच एका मापाने मोजता येत नाहीत : कथांच्या असमान दर्जाविषयीचा आक्षेप कलाकृतीविषयी असतो, शेवटाविषयीचा आक्षेप बहुधा प्रेक्षक ज्या जगात परत जाणार आहे त्या जगाविषयी असतो.