तालीम दोन्ही अर्थांची

25 नोव्हेंबर 2017. चीनमधल्या शांघाय शहरात भरत खंडारे हा आपल्या महाराष्ट्राचा पठ्ठ्या जाळीच्या अष्टकोनी पिंजऱ्यात उतरला. भारतात जन्मलेला खेळाडू यूएफसी या जगातल्या सर्वांत मोठ्या एमएमए स्पर्धेत लढण्याची ती पहिलीच वेळ होती. समोर होता चीनचा सोंग यादोंग, वय अवघे 19. पाच मिनिटांची पहिली फेरी संपायला पाऊण मिनिट उरले असताना सोंगने खंडारेची मान हाताच्या कात्रीत धरून आवळली आणि लढत तिथेच संपली. पिंजऱ्यापर्यंत पोहोचायला कित्येक वर्षे लागली होती. निकाल सव्वाचार मिनिटांत लागला.

ही हकीकत आज सांगण्याचे कारण आहे. जोगेश्वरी, कुर्ला, मालवणी, घाटकोपर, मुलुंड, कुठल्याही वस्तीत जा, आठवी-नववीतल्या मुलांच्या मोबाईलवर या लढतींच्या चित्रफिती दिसतात. वर्गात ‘मोठा होऊन काय होणार?’ असे विचारले की पूर्वी क्रिकेटपटू, इंजिनियर, दुबईला जाणार अशी उत्तरे यायची. आता एखादा हात वर होतो आणि उत्तर येते, ‘सर, फायटर!’ बाकीची मुले हसतात, पण तो मुलगा गंभीर असतो. त्याच्या अम्मी-अब्बांना मात्र हा खेळ नेमका काय आहे हेच माहीत नसते. मग घरात एक तर सरळ बंदी होते, नाही तर डोळे मिटून परवानगी मिळते. मुलाचे भले दोन्हींत नाही.

एमएमए म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्स. बॉक्सिंगचे ठोसे, थाई बॉक्सिंगच्या लाथा, कुस्तीची पकड आणि जिउजित्सूचे सांधे व गळा आवळण्याचे डाव यात एकत्र येतात. साधी लढत तीन फेऱ्यांची असते, किताबाची पाच फेऱ्यांची. बाहेरून ही मारामारी वाटली तरी तिला नियम आहेत. डोळ्यांत बोटे घालणे, डोक्याने धडक देणे, डोक्याच्या मागच्या भागावर किंवा जांघेत मारणे याला मनाई आहे. डाव असह्य झाला तर खेळाडू हाताने दोन-तीनदा थोपटतो, त्याच क्षणी लढत थांबते आणि त्यात कोणी कमीपणा मानत नाही.

मुंबईच्या उपनगरांशी या खेळाचे जुने नाते आहे. 11 मार्च 2012 रोजी अंधेरीच्या क्रीडा संकुलात सुपर फाइट लीगचा पहिला कार्यक्रम झाला. राज कुंद्रा आणि संजय दत्त यांनी ती लीग सुरू केली होती, आणि मुख्य लढतीसाठी इंग्लंडचा जेम्स थॉम्पसन व अमेरिकेचा बॉब सॅप आले होते. झगमगाट मोठा होता, पण त्याच लीगने देशी मुलांना पहिल्यांदा व्यावसायिक व्यासपीठ दिले. खंडारे तिथूनच पुढे आला. 2019 मध्ये टायगर श्रॉफच्या कुटुंबाने मॅट्रिक्स फाइट नाइट सुरू केली. आज देशातले बरेच नवे खेळाडू त्या वाटेने जातात.

त्या वाटेवर यशही आहे. उत्तर प्रदेशातल्या मुजफ्फरनगर जिल्ह्याच्या पूजा तोमरने 8 जून 2024 रोजी अमेरिकेत लढत जिंकली. यूएफसीत विजय मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. उत्तराखंडच्या अंशुल जुबलीने फेब्रुवारी 2023 मध्ये ‘रोड टू यूएफसी’ ही निवड स्पर्धा जिंकून करार मिळवला. पण त्याच अंशुलला फेब्रुवारी 2025 मध्ये अवघ्या 19 सेकंदांत हार पत्करावी लागली. या पेशात उंची आणि उतार इतके जवळजवळ असतात.

आता रोजीचा प्रश्न. कुस्तीत चांगली कामगिरी केलेल्या मुलाला पोलीस दलात, रेल्वेत खेळाडू म्हणून नोकरी मिळू शकते. 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक आणणारे खाशाबा जाधव पुढे पोलीस खात्यातच नोकरीला लागले. एमएमए ऑलिम्पिकमध्ये नाही, त्यामुळे तशी रुळलेली वाट इथे नाही. सुरुवातीच्या करारांत साधारणपणे लढल्याचे काही पैसे असतात आणि जिंकल्यास तितकेच आणखी. हरला तर निम्म्यावर समाधान. वर्षात दोन-तीन लढती झाल्या तरी पुष्कळ. प्रशिक्षक, खुराक, औषधोपचार, प्रवास, सगळे त्यातूनच भागवायचे. म्हणूनच अनेक खेळाडू सकाळ-संध्याकाळ जिममध्ये दुसऱ्यांना शिकवून घर चालवतात. ही मेहनतीची, हलाल कमाई आहे यात शंका नाही. फक्त मोबाईलच्या पडद्यावर ती दिसत नाही.

आपल्या मुलांच्या मनावर सर्वांत मोठा प्रभाव आहे तो दागिस्तानच्या हबीब नूरमगोमेदोवचा. 29 लढती, 29 विजय, एकही हार नाही. त्याचे उस्ताद होते त्याचे वडील अब्दुलमनाप. जुलै 2020 मध्ये कोरोनानंतरच्या गुंतागुंतीने त्यांचे निधन झाले. 24 ऑक्टोबर 2020 रोजी अबुधाबीत जस्टिन गेथजीला हरवल्यावर हबीबने हातमोजे काढून खाली ठेवले. वडिलांशिवाय आपण लढावे हे आईला मान्य नाही आणि तिला शब्द दिला आहे, असे सांगून तो वयाच्या 32 व्या वर्षी निवृत्त झाला. कोट्यवधींची कमाई समोर असताना आईच्या शब्दाला मान देणे सोपे नव्हते.

पण मुलांना हबीबची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ऑक्टोबर 2018 मध्ये कॉनर मॅकग्रेगरला हरवल्यानंतर रागाच्या भरात त्याने पिंजऱ्याच्या जाळीवरून उडी मारली आणि प्रतिस्पर्ध्याच्या माणसांवर धावून गेला. पाच लाख डॉलर दंड आणि नऊ महिन्यांची बंदी झाली. आधीच्या काळात मॅकग्रेगरने त्याच्या वडिलांबद्दल, दीनबद्दल बरेच अपशब्द वापरले होते, हे खरे. तरीही पुढे माफी मागावी लागली ती हबीबलाच. खरा बलवान तो नव्हे जो समोरच्याला चीत करतो, तर तो जो रागाच्या वेळी स्वतःला आवरतो, अशा अर्थाची हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्या रात्री कुस्ती जिंकलेला हबीब ही दुसरी कुस्ती हरला.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी रुकाना नावाच्या नामांकित मल्लाशी कुस्ती केल्याची रिवायत आहे. पोहणे, नेमबाजी, घोडेस्वारी यांचीही आपल्याकडे कदर आहे. तेव्हा शरीर कमावणे हे दीनच्या विरोधात नाही. मात्र चेहऱ्यावर मारू नये अशीही स्पष्ट ताकीद आहे, आणि एमएमएत चेहऱ्यावर ठोसे बसतातच. त्यामुळे अनेक उलेमा या खेळाला मान्यता देत नाहीत. यावर फतवा देण्याचा अधिकार शिक्षकाला नाही. घरच्यांनी आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारावे. पण विज्ञानही इथे जवळपास तेच सांगते. डोक्याला वारंवार बसणाऱ्या धक्क्यांनी मेंदूची कायमची हानी होऊ शकते आणि तिची लक्षणे कधी कधी खेळ सोडल्यावर कित्येक वर्षांनी दिसतात. जागतिक वैद्यकीय संघटना 1983 पासून बॉक्सिंगवर बंदीची मागणी करते आहे ती याच कारणाने.

आणखी दोन धोके पालकांनी ओळखले पाहिजेत. पहिला, वजन उतरवण्याचा. लढतीआधी पाणी तोडून, घाम गाळून चार-सहा किलो उतरवण्याची पद्धत या खेळात रूढ आहे. डिसेंबर 2015 मध्ये यांग जियान बिंग हा 21 वर्षांचा चिनी खेळाडू मनिलात लढतीआधी अशाच प्रकारे वजन उतरवताना दगावला. त्यानंतर ‘वन चॅम्पियनशिप’ या आशियाई संस्थेने पाणी तोडून वजन घटवण्यावर बंदी आणली. कोणी रमजानच्या रोजांचा उपयोग वजन उतरवायला कर म्हणून सांगत असेल, तर त्या जिमचा रस्ता मुलाने सोडलेला बरा. रोजा इबादत आहे आणि मगरिबनंतर शरीराला पाणी व अन्न मिळालेच पाहिजे.

दुसरा धोका डब्यांचा आणि सुयांचा. खंडारेच्या शरीरात शांघायच्या लढतीआधी घेतलेल्या नमुन्यात प्रतिबंधित द्रव्य आढळले आणि अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने त्याच्यावर दोन वर्षांची बंदी घातली. खेळाडूच्या आयुष्यात उमेदीची दोन वर्षे म्हणजे फार झाली. आपल्या गल्लीतल्या जिममध्येही ‘ताकदीची पावडर’ आणि इंजेक्शने सहज मिळतात. सोळा वर्षांच्या मुलाच्या दप्तरात असा डबा सापडला तर त्याच्यावर ओरडण्याआधी तो घेऊन डॉक्टरांकडे जा. त्यात काय आहे हे बहुधा त्या मुलालाही माहीत नसते.

मग मुलाला पाठवायचे की नाही? तो हट्ट धरून बसला असेल तर कुस्ती किंवा ज्युदोपासून सुरुवात करू द्या. तिथे डोक्यावर ठोसे नाहीत, शालेय आणि जिल्हा स्पर्धा आहेत आणि पुढची वाटही आहे. उस्तादाला भेटा. सरावात डोक्याला मार बसला तर तो मुलाला किती दिवस घरी बसवतो, हे विचारा. उत्तर द्यायला त्याला वेळ लागला तर समजून घ्या. जाहीर लढतीचा विषय अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत काढूच नका. दहावी-बारावी आणि पदवी सोडायची नाही, ही अट आधीच घाला. मुलगी असेल तरी याच अटी. स्वसंरक्षण शिकण्याचा तिला मुलाइतकाच हक्क आहे.

उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवताना एक शब्द नेहमी भेटतो, ‘तालीम’. उर्दूत त्याचा अर्थ शिक्षण, मराठीत पैलवानांचा आखाडा. वर्गात मुले या दोन अर्थांवर हसतात. पण शिकलेला मल्ल करार वाचून सही करतो, औषधाच्या डब्यावरची अक्षरे तपासतो, आणि पिंजऱ्याचे दार कायमचे बंद झाले तरी त्याच्या हातात काही उरते. तुमच्या घरात असा एखादा ‘फायटर’ असेल तर आज इशाच्या नमाजनंतर त्याला जवळ बसवा. आधी त्याचे पूर्ण ऐका, मग हा लेख त्यालाच मोठ्याने वाचायला सांगा.