भागीदारी करण्यापूर्वी

दापोडे, माणकोली, पूर्णा परिसरात गोदामे उभी राहिल्यापासून आपल्या तरुणांना हमाली आणि वॉचमनकीखेरीज दुसरी वाटही दिसू लागली आहे. दोघे मिळून टेम्पो घेतात, कोणी मजूर पुरवण्याचे काम धरतो, कोणी पॅकिंगचे. एकट्याजवळ भांडवल नसते म्हणून भागीदार शोधला जातो. तो बहुधा शाळासोबती, मावसभाऊ किंवा मेहुणा असतो. वरातीला सोबत न्यायचा माणूस निवडावा तशी ही निवड होते!

मैत्री ही वाईट पात्रता नव्हे. परंतु १९३२ चा भागीदारी कायदा मैत्रीपेक्षा कडक आहे. फर्मच्या कामासाठी एकाने केलेली सही सर्वांना बांधते. कर्ज थकले तर बँक सगळी रक्कम कोणाही एका भागीदाराकडे मागू शकते. 'माझा हिस्सा चार आणे, तेवढेच भरीन' हे तेथे चालत नाही. करारपत्र नसेल तर भांडवल कोणी कितीही घातलेले असो, नफा-तोटा समान धरला जातो. आणि दिवसभर टेम्पो चालवणाऱ्या भागीदाराला वेगळा पगारही मिळत नाही. बँकेत येणारी निम्मी भांडणे याच दोन गोष्टींवरून असतात. शिवाय फर्मची नोंदणी नसेल तर गोदामवाल्याने भाड्याचे बिल बुडवले तरी फर्मला त्याच्यावर दावा लावता येत नाही.

भागीदारीचे उत्तम मराठी उदाहरण म्हणजे १९२९ साली कोल्हापुरात निघालेली प्रभात फिल्म कंपनी. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि कुलकर्णी असे पाच भागीदार. त्यांपैकी चौघांनी आधी बाबूराव पेंटर यांच्या कंपनीत एकत्र काम केले होते. म्हणजे एकमेकांचे काम आणि स्वभाव पारखलेले होते. शिवाय दिग्दर्शन, ध्वनी, कला, कॅमेरा आणि पैसा अशी बाजू ज्याची त्याची वेगळी. दामले ब्राह्मण, फत्तेलाल मुसलमान. दोघांनी मिळून दिग्दर्शित केलेला 'संत तुकाराम' १९३६ साली आला. भागीदार आपल्याच जातीचा हवा असे मानणाऱ्यांनी याचा विचार करावा. पुढे मतभेद वाढले. आधी धायबर आणि १९४२ साली शांताराम बाहेर पडले, आणि पहिली प्रभात राहिली नाही.

माणूस पारखायचा कसा? भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या तरुणाला खोट्या मित्राची लक्षणे सांगितली आहेत. घेण्यापुरता येणारा, बोलघेवडा, तोंडपुजा आणि उधळपट्टीत साथ देणारा. आपल्या वस्तीत याची परीक्षा सोपी आहे. जयंतीच्या वर्गणीचा हिशेब कोण वेळेवर देतो, भिशीचा हप्ता कोण चुकवतो, हे सर्वांना ठाऊक असते.

आता एका धोक्याविषयी. २०१६ साली सुरू झालेल्या स्टँड-अप इंडिया योजनेत १० लाख ते १ कोटीपर्यंतचे कर्ज होते. उद्योग एकट्याचा नसेल तर त्यात अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीचा किंवा स्त्रीचा किमान ५१ टक्के हिस्सा हवा, अशी अट होती. अशा सवलती आल्या की 'तू फक्त सही कर, धंदा आम्ही बघतो, महिन्याला ठरावीक रक्कम घरपोच' असे सांगणारे भेटतातच. असा तरुण कागदावर मालक असतो, पण चेकबुक त्याच्या हाती नसते, हिशेब त्याला दाखवला जात नाही. वसुलीची नोटीस मात्र त्याच्याच दारी येते आणि त्याच्या बापाने कष्टाने बांधलेल्या घराची चौकशी होते. ज्या खात्याचे उतारे आपल्याला दर महिन्याला पाहता येत नाहीत, त्या फर्मच्या कागदावर सही करू नये.

करारपत्र करताना पगार, नफ्याचा वाटा, घरखर्चासाठी किती उचल आणि चेकवर कोणाच्या सह्या, एवढे तरी लिहावेच. एकाचे निधन झाल्यास काय, हेही लिहावे. अन्यथा कायद्याने फर्म तेथेच संपते. बाहेर पडणाऱ्याने सरकारी राजपत्रात आणि जिल्ह्यात खपणाऱ्या मराठी वृत्तपत्रात जाहीर नोटीस द्यावी, फर्म नोंदलेली असल्यास निबंधकालाही कळवावे. त्यानंतरही जुन्या कर्जाची जबाबदारी बँक लेखी मोकळीक देईपर्यंत त्याच्यावर राहते.