ऑक्टोबरचा निकाल

जुलैचा दुसरा आठवडा. बाहेर रोवणे ऐन भरात आहेत आणि तिरोडा तालुक्यातल्या या शाळेच्या ऑफिसातली लाइट गेलेली आहे. मी पुतण्याच्या टी.सी.साठी बाकावर बसलोय. माझ्या आधीचा नंबर पन्नाशीकडे झुकलेल्या एका माणसाचा. पँट पोटरीपर्यंत दुमडलेली, टाचेच्या भेगांत चिखल वाळलेला. सकाळी बांधीत उतरला होता, तसाच आलाय.

"दहावीची मार्कशीट पाहिजे जी. मार्च त्र्याण्णव."

नागपूरला एका गोदामाच्या गेटवर तो अकरा वर्षं गार्ड आहे. सुट्टी काढून रोवण्याला आला आणि मागून फोन आला: ठेकेदार बदललाय, नवा म्हणतो सगळ्यांनी दहावी पास असल्याचा पुरावा आणा, आठ दिवसांत. अकरा वर्षं रात्रीचं गेट सांभाळणाऱ्याला आता दहावी विचारतात, याची मला गंमत वाटते. त्याला अजिबात वाटत नाही.

मार्कशीट होती. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगा गावात शिरली, तेव्हा लोखंडी पेटी दोन दिवस पाण्यात राहिली. उघडली तर आत नुसता लगदा. ठाण्यातून हरवल्याची नोंद त्याने करून आणलीय. सायबरवाल्याने सांगितलं, १९९० नंतरचे निकाल बोर्डाच्या साइटवर मिळतात, पण बैठक क्रमांक आणा. तो तर लगद्यातच गेला.

बाबू कपाटातून निकालाचं रजिस्टर काढतात. लाल फडकं सोडताना धूळ उडते. कडा वाळवीने कुरतडलेल्या, पण मधली अक्षरं जशीच्या तशी. खिडकीपाशी उजेडात धरून ते नावावरून बोट फिरवत जातात आणि थांबतात.

"इथं तं नापास दिसून राहिले तुम्ही. इंग्रजीत एकतीस."

आकड्याभोवती लाल शाईचा गोल आहे. माणूस माझ्याकडे बघत नाही.

"ऑक्टोबरात निघालो होतो जी."

"मंग मार्च कायले सांगता?"

"सारे मार्चच सांगतेत."

तेव्हा नापासांची परीक्षा ऑक्टोबरात व्हायची. निकाल लागेपर्यंत अकरावीचं वर्ष गेलेलं असायचं आणि गावात पोरगा 'ऑक्टोबरवाला' होऊन बसायचा. २०१५ पासून दहावीची फेरपरीक्षा जुलैतच होऊ लागली, वर्ष वाचतं. रजिस्टरात ऑक्टोबर १९९३ ला जेमतेम दीड पान मिळालंय. बाबूंचं बोट पुन्हा खाली सरकतं.

"हे घ्या. पस्तीस!"

पहिल्यांदाच तो हसतो. काठावरचे पस्तीस, एकही जास्त नाही. बैठक क्रमांक तो तळहातावर पेनने लिहून घेतो.

"सनद नेली होती का बोर्डाची?"

"नाही वाटते."

खालच्या खणातून सुतळीने बांधलेला गठ्ठा निघतो. न नेलेल्या सनदा. बाबू एकेक उलटतात, तो वाकून बघतो. एका नावावर त्याचं बोट थांबतं. "ही तं आमच्या गावची. बालाघाटकडे दिली होती." त्या सनदेवर क्षणभर दोघंही रेंगाळतात. त्याची सनद मात्र गठ्ठ्यात नाही. वाटपाच्या वहीत सापडते ती त्याची सही, लहान मुलाने काढावी तशी, नावाचं प्रत्येक अक्षर सुटं.

"माहीच व्हय," तो म्हणतो. म्हणजे तीही पेटीतच होती.

नवी मार्कशीट शाळा देत नाही, ती नागपूरचं विभागीय मंडळ देणार. शाळेने फक्त अर्जावर मुख्याध्यापकांची सही-शिक्का द्यायचा आणि रजिस्टरातली नोंद दाखल्यावर उतरवून द्यायची. दाखला लिहिता लिहिता बाबू छापील 'जि. गोंदिया'च्या पुढे पेनने 'तत्कालीन जि. भंडारा' घालतात. आपला जिल्हा १ मे १९९९ ला वेगळा झाला; रजिस्टरात अर्थातच भंडारा आहे. मागे एकाचा दाखला याच्यावरूनच परत आला होता, बाबू सांगतात. शिकले भंडाऱ्यात, आधार गोंदियाचं, तर मधे स्थलांतर कधी केलं, असं कंपनीने विचारलं म्हणे.

"मी कुठी गेलो जी? जिल्हाच गेला."

मुख्याध्यापक वर्गावर आहेत. चपराशी कागद घेऊन जातो, सही घेऊन येतो. स्टॅम्पपॅड सुकलंय, बाबू त्यावर बाटलीतलं थेंबभर पाणी टाकून शिक्का दोनदा दाबतात. शाई ओली आहे, हात लावू नका, म्हणतात. माणूस दाखला दोन्ही हातांनी कोपऱ्यांना धरून पंख्याखाली नेतो, मग पंखा बंद आहे हे लक्षात येऊन दारातल्या वाऱ्याला धरतो. उद्याची रोजीही गेलीच. सकाळच्या गाडीने नागपूर गाठायचं आहे.

बाहेर भुरभुर सुरू झालीय. तो खिशातून धानाच्या बियाण्याची रिकामी पिशवी काढतो, झटकतो, आत राहिलेले चार दाणे तळहातावर घेऊन खिशात टाकतो. कागद पिशवीत घालतो, तोंड पिळतो, गाठ मारतो. पावसाकडे बघतो आणि आणखी एक गाठ मारतो.

"चला, तुमचं बोला," बाबू मला म्हणतात.