मॉडिफाय केलेली जीप रस्त्यावर चालते का? गॅरेज गाठण्याआधी आरसी वाचा

मारुंजी, हिंजवडीपासून पिंपरी, भोसरी आणि पुढे चाकणपर्यंतच्या पट्ट्यात गाडी समजणारे हात घरोघरी आहेत. कोणी टाटा किंवा महिंद्राच्या कारखान्यात कामाला, कोणी त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या युनिटमध्ये, तर कोणाचे स्वतःचे वेल्डिंगचे दुकान. त्यामुळे आपल्या नौजवानांमध्ये जुनी जीप, थार किंवा गुरखा घ्यायची, तिला उंच करायची, मोठे टायर आणि लोखंडी बंपर लावायचा, आणि रविवारी मुळशी-ताम्हिणीकडे निघायचे, हा शौक वाढला आहे.

शौक वाईट नाही. पण त्यावर घरातले लाख-दोन लाख रुपये जातात, आणि पैसे गेल्यावर प्रश्न विचारला जातो, "हिचं पासिंग होईल ना?" हा प्रश्न आधी विचारायला हवा. म्हणून कायदा काय सांगतो आणि रस्ता कुठून निघतो, ते आम्ही इथे सोप्या भाषेत मांडत आहोत.

कायद्याची एकच पट्टी: आरसी

मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ हे या सगळ्याचे मूळ आहे. त्याचा अर्थ असा, की कंपनीने गाडी जशी बनवली आणि आरसीत जशी नोंदली गेली, त्यापेक्षा वेगळी होईल असा बदल मालकाने करायचा नाही. ज्या बदलाने गाडीच्या रचनेत फरक पडून तिचे मूळ स्वरूपच बदलते, त्याला कायद्यात 'फेरबदल' म्हटले आहे.

केरळमधल्या एका प्रकरणात जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले. कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही, असे सांगून न्यायालयाने केरळ उच्च न्यायालयाचा आधीचा सैल निकाल रद्द केला. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२-अ आले. बेकायदा फेरबदल करणाऱ्या मालकाला त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द नीट वाचा. एका जीपवर असे चार बदल असतील तर हिशेब २०,००० वर जातो.

हे फक्त कागदावर आहे असे समजू नका. डिसेंबर २०२२ मध्ये श्रीनगरच्या न्यायालयाने एका थारच्या मालकाला फेरबदलासाठी सहा महिन्यांची शिक्षा सुनावली. आधीचा गुन्हा नसल्यामुळे त्याला बंधपत्रावर सोडले, पण गाडी मूळ स्थितीत आणण्याचा आदेश झाला. म्हणजे लावायचा खर्च झाला, वर काढायचाही झाला.

मग यूट्यूबवर परदेशातली मुले शेतातली गाडी आरसे, हॉर्न आणि इंडिकेटर लावून रस्त्यावर कशी आणतात? अमेरिकेत काही राज्यांचे कायदे तशी मुभा देतात. आपल्याकडे ती नाही. तिथला व्हिडिओ बघून इथे लोखंड कापू नये.

काय चालते, काय अडते

नेहमी विचारले जाणारे बदल एकेक करून पाहू.

*टायर:* कंपनीने त्याच मॉडेलसाठी जे माप मंजूर केले आहे, तेच लावणे सुरक्षित. फार मोठे टायर बसवले की स्पीडोमीटर चुकतो. समजा ३० इंच व्यासाच्या टायरऐवजी ३३ इंचाचे बसवले. काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी प्रत्यक्षात ६६ ने पळत असेल. ब्रेक मात्र जुन्या टायरच्या हिशेबानेच बनलेले असतात.

*गाडी उंच करणे:* सस्पेन्शन उचलले की गाडीचा तोल वर सरकतो. घाटातल्या वळणावर उलटण्याचा धोका वाढतो. गाडीचे मूळ मापच बदलत असल्यामुळे हा बदल सरळ कलम ५२ मध्ये अडकू शकतो.

*लोखंडी बंपर आणि बुलबार:* केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना यावर कारवाई करायला सांगितले आहे. कारण साधे आहे. कंपनीचा बंपर चेपतो आणि धक्का स्वतः सोसतो. लोखंडी बार चेपत नाही, तो धक्का चेसीसकडे पाठवतो, आणि समोर पायी चालणारा असेल तर त्याला जास्त मार बसतो. एअरबॅग असलेल्या गाडीत सेन्सरला धक्का चुकीचा कळू शकतो आणि एअरबॅग वेळेवर उघडत नाही.

*टप आणि बॉडी:* कापडी टपाची गाडी हार्ड टप करणे, मागचा भाग कापून पिकअप करणे, सीट वाढवणे, हे सगळे आरसीतल्या बॉडीच्या प्रकाराशी आणि आसनसंख्येशी जोडलेले आहे. परवानगीशिवाय हात लावू नये.

*इंजिन:* त्याच कंपनीचे, त्याच प्रकारचे इंजिन आरटीओची मंजुरी घेऊन बदलता येते आणि नवा इंजिन नंबर आरसीत चढतो. दुसऱ्याच कंपनीचे ताकदवान इंजिन बसवणे या वाटेत बसत नाही.

*रंग:* रंग बदलता येतो, पण आरटीओला कळवून आरसीत नोंद करावी लागते. एक रंग मात्र साफ मना आहे, तो म्हणजे ऑलिव्ह ग्रीन, मिलिटरीचा हिरवा. केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ नुसार तो फक्त संरक्षण दलाच्या गाड्यांसाठी आहे. जीपला नेमका हाच रंग मारायची हौस असते, म्हणून मुद्दाम सांगत आहोत.

*लाइट, हॉर्न, सायलेन्सर:* पुढे झगझगीत स्पॉटलाइट लावायला मनाई आहे. अनेक सुरांचे हॉर्न चालत नाहीत. आवाज करणारा सायलेन्सर ध्वनिप्रदूषणात मोडतो, आणि कलम १९०(२) खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणे आपल्याकडे सदका मानतात. समोरून बाल-बच्चे घेऊन येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या डोळ्यांवर अंधारी आणणारा लाइट त्या वस्तूंमध्येच मोजायला हवा.

*काचा आणि नंबर प्लेट:* काचांवर काळी फिल्म लावायला सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच बंदी घातली. नंबर प्लेट उच्च सुरक्षा असलेलीच हवी. ७८६ नंबर आवडत असेल तर आरटीओत फी भरून पसंतीचा नंबर घ्या, तो हक्काचा मार्ग आहे. पण प्लेटवर अक्षरे वाकवून किंवा वेलबुट्टी काढून लिहिणे चालत नाही.

परवानगीचा रस्ता कुठून जातो

कायदा सगळेच दरवाजे बंद करत नाही. सीएनजी किंवा इलेक्ट्रिक किट, रंग, त्याच प्रकारचे इंजिन, यांना वाट आहे. अपंग व्यक्तीला चालवता यावी म्हणून गाडीत बदल करायलाही कलम ५२ मध्ये वेगळी सोय आहे. घरात अशी कोणी व्यक्ती असेल तर ही सोय जरूर वापरा.

क्रम मात्र पाळावा लागतो.

१. आरसीवर ज्या कार्यालयाचे नाव आहे, पिंपरी-चिंचवड (एमएच-१४) असो की पुणे (एमएच-१२), तिथे बदलाआधी अर्ज करा. तोंडी 'हो' वर विसंबू नका, उत्तर लेखी घ्या.

२. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचे किंवा फायनान्स कंपनीचे ना हरकत पत्र जोडा.

३. किट असेल तर त्याचे मंजुरीचे प्रमाणपत्र मागा. अशी प्रमाणपत्रे चाचणी संस्था देतात, आणि त्यातल्या मोठ्या संस्था आपल्याच भागात आहेत: पुण्यातली एआरएआय, भोसरीची सीआयआरटी आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई. किट विकणारा 'एआरएआय अप्रूव्ह्ड' म्हणाला तर कागद बघा, आणि तो तुमच्याच मॉडेलसाठी आहे का तेही बघा. एका भागाच्या मंजुरीने अख्खी गाडी मंजूर होत नाही.

४. काम अधिकृत ठिकाणी करा आणि पक्के बिल घ्या.

५. गाडी मोटार वाहन निरीक्षकाला दाखवा. आरसीत नोंद झाली की मगच काम पूर्ण झाले असे समजा.

६. इन्शुरन्स कंपनीला लेखी कळवा आणि पॉलिसीत नोंद करून घ्या.

मिलिटरी लिलावातली जीप

लष्कराने लिलावात काढलेली जीप कायदेशीरपणे नोंदवता येते. त्यासाठी संबंधित लष्करी कार्यालयाकडून फॉर्म २१ मधले मूळ विक्री प्रमाणपत्र लागते. बाकी फॉर्म २० चा अर्ज, विमा, पत्त्याचा पुरावा आणि निरीक्षकाची तपासणी. वर सांगितल्याप्रमाणे हिरवा रंगही बदलावा लागतो. पण गाडी भंगार म्हणून विकली असेल तर ती रस्त्यावर आणण्याचा विचार सोडा. बोली लावण्याआधी कागदांची नक्कल आरटीओत दाखवून विचारणे शहाणपणाचे.

हरियाणातल्या मंडी डबवालीसारख्या ठिकाणी नव्याने बांधलेल्या उघड्या जीप मिळतात. त्या दिसायला देखण्या, पण वेगवेगळ्या भागांतून जोडलेली गाडी आणि तिला लावलेली दुसऱ्याच जुन्या जीपची आरसी, असा मामला असेल तर तो दंडावर थांबत नाही. तो बनावटगिरीचा गुन्हा होतो.

फक्त ऑफ-रोडसाठीच गाडी हवी असेल तर?

मग ती ट्रेलरवर किंवा टोइंगच्या गाडीवर चढवून खासगी, बंदिस्त ट्रॅकवर न्यावी. शेताच्या बांधावरून किंवा गावच्या कच्च्या रस्त्यावरून नेली तर चालेल, असे अनेकांना वाटते. पण कायद्यात 'सार्वजनिक जागा' म्हणजे जिथे लोकांना जायचा हक्क आहे अशी कोणतीही जागा. मारुंजीतला शिवाररस्ताही त्यात येतो. नोंदणी नसलेली गाडी तिथे चालवली तर पहिल्यांदा ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे.

खरा धोका इन्शुरन्समध्ये

दंड भरून माणूस मोकळा होतो. अपघात झाला तर तसे होत नाही. न कळवलेला बदल सर्व्हेअरच्या फोटोत दिसला, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनी नाकारू शकते. समोरचा माणूस जखमी झाला किंवा दगावला, तर न्यायाधिकरण त्याच्या घरच्यांना भरपाई मिळवून देते. पण पॉलिसीच्या अटी मोडल्या गेल्या असे ठरले, तर ती रक्कम गाडीच्या मालकाकडून वसूल करण्याचा आदेश होऊ शकतो.

आता बघा, आपल्या बहुतेक घरांत गाडी मुलगा चालवतो आणि आरसी अब्बूंच्या नावावर असते. वसुलीची नोटीस अब्बूंच्या नावाने येईल. बहिणीच्या लग्नासाठी किंवा हजसाठी जपून ठेवलेली रक्कम त्यात जाऊ शकते. म्हणून हा विषय फक्त नौजवानांवर सोडू नका, घरात बसून बोला.

सेकंड हँड घेताना

आधीच मॉडिफाय केलेली जीप स्वस्तात मिळाली, तरी जबाबदारी नव्या मालकावर येते. पैसे देण्याआधी चेसीस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून बघा. एमपरिवहन अॅपवर रंग, इंधन आणि कर्जाची नोंद तपासा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरणासाठी गाडी तपासली जाते. जुन्या जीपचे मोठे टायर आणि बंपर तिथेच पकडले जातात. विकणाऱ्याकडे कंपनीचे मूळ भाग असतील तर तेही मागून घ्या. फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी नावावर करायला उशीर लावू नका.

गॅरेजवाल्या भावांसाठी

फॅब्रिकेशनच्या धंद्यात आपले बरेच लोक आहेत. गिऱ्हाईक म्हणते, "करून टाका, मी बघून घेतो." पुढे पकडले गेले की तेच गिऱ्हाईक दुकानाचे नाव सांगते. काम हातात घेण्याआधी आरसी आणि आरटीओचे पत्र मागा. पत्र नसेल तर काम सोडून द्या. एक काम गेले तरी रोजी जात नाही, केस झाली तर महिनाभर दुकान सोडून कोर्टात बसावे लागते. सीएनजी किट बसवणे, डेंटिंग-पेंटिंग, जुनी जीप मूळ रूपात आणणे, या कायदेशीर कामांतही भरपूर कमाई आहे.

बदल आधीच झाले असतील तर

घाबरून लपवत बसू नका. आरसी समोर ठेवून गाडीवरच्या बदलांची यादी करा. ज्यांची नोंद होऊ शकते, जसे रंग किंवा मंजूर किट, त्यांच्यासाठी लगेच आरटीओत जा. कलम ५२ मध्ये बदल कळवण्याची मुदत १४ दिवसांची आहे, उशीर झाला असेल तर अजून उशीर करू नका. ज्यांची नोंद होऊच शकत नाही, जसे बुलबार, स्पॉटलाइट, फार मोठे टायर, ते उतरवा आणि कंपनीचे भाग परत बसवा. तोपर्यंत गाडी घरीच उभी ठेवा. नवीन गाडी घेणार असाल तर उंची, फोर बाय फोर आणि मोठे टायर कंपनीच्याच वरच्या मॉडेलमध्ये मिळतात का ते पाहा. चार पैसे जास्त लागतील, पण ती गाडी शोरूममधून पासिंग होऊन बाहेर येते.